साखर इथवर पोहोचत नाही

सोमवारच्या विमानानं गाय येते.
आम्ही तिला गायच म्हणतो: शिशाची जड बादली,
पोटात मॉलिब्डेनम, निमूट झिजत टेक्नेशियम होणारं.
रोज सकाळी वरून मिठाचं पाणी सोडायचं,
खालच्या बाटलीत दूध काढायचं.
गुरुवारपासून ती आटत जाते.
शुक्रवारी एखादा थायरॉइड, फार तर एक हृदय.
हाडं पुढच्या सोमवारी.

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला असं कुणी म्हणत नाही,
पडला तर तेवढं बोलतात.
त्या वाऱ्यातून डॉन एलेउतेरिओ मान्सिया आले,
चाळीस हंगाम मेंढ्या कातरलेले,
हाडाचे कातरकरी, आणि आता हाडातच दुखतंय.
"यास्ना, पोरी, हे एक्स-रेसारखंच ना?"
नाही. एक्स-रेत दिवा बाहेर असतो, तुम्ही आड येता.
इथे दिवा तुम्हीच.
माझा कॅमेरा नुसता बसून बघतो.

तीन तास पाणी पीत राहा.
संध्याकाळपर्यंत नातीला मांडीवर घेऊ नका.
"आणि कुत्र्याला?"
छापील कागदावर कुत्रा नव्हता.

हाडांचा स्कॅन बोलका, पण बोबडा.
हाड जिथे काही बांधतंय तिथे तो बोट ठेवतो;
का बांधतंय, ते त्याला विचारू नये.
झिजलेला सांधा, जुनं मोडणं, की ते दुसरं,
सगळ्यांना एकच काळा ठिपका.
चार बरगड्या, एकीखाली एक,
गोधडीच्या टाक्यांसारख्या सरळ.
"पडला होतात?"
"एप्रिलात एडक्यानं धडक दिली. मला! कुणाला सांगणार?"
एडक्याची सही मला वाचता आली.
पण कण्यात, कमरेच्या वर,
एक ठिपका कुठल्याच ओळीत बसेना.
एमआरआयनंही खांदे उडवले.

आता साखरेला विचारायचं.
साखर सांतियागोत, सायक्लोट्रॉनच्या दाराशी बनते
आणि दर एकशे दहा मिनिटांनी अर्धी होते.
विमानात बसवली तर साडेतीन तासांत पाव हिस्सा उरेल,
मग विमानतळ, सह्या, शिक्के, रस्ता.
आतबट्ट्याचा व्यवहार.
म्हणून साखर येत नाही, माणूस जातो.

"मग चांगला कुठला? तुझा की त्यांचा?"
मी म्हटलं, माझा डागडुजी बघतो, त्यांचा भूक.
कोण जास्त खातंय ते तिथे दिसतं.
पण मेंदूही खातो. हृदयही, सुजलेला घसाही.
भुकेवरून चोर ठरत नाही,
संशयितांची यादी तेवढी आखूड होते.
ते म्हणाले, "म्हणजे तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही."
मी त्यांच्या दंडावरची पट्टी काढत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच सांगायला आले.
सहा तास उपाशी, मग साखर थेट शिरेत,
जिभेला पत्ता नाही.
अंधाऱ्या खोलीत तासभर:
बोलायचं नाही, चघळायचं नाही, हलायचं नाही.
"कातरताना मेंढीला आम्ही असंच धरतो, उताणी,
पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून.
ती निपचित पडते. आम्ही म्हणतो, गरीब आहे बिचारी.
चाळीस हंगाम म्हणत होतो.
ती गरीब नसते ग. ती मोजत असते."

मणका भुकेला नव्हता. वयाचा खडा, दुसरं काही नाही.
पण अहवालात तळाशी, कुणी न विचारलेली ओळ:
डाव्या फुप्फुसात वाटाण्याएवढं,
किंचित खाणारं.
तीन महिन्यांनी पुन्हा.

मी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.
त्यांनी ते टोपीच्या आत ठेवलं.

विमान उतरलं तोवर अंगातली साखर
चार-पाचदा अर्धी होऊन गेलेली.
तसं मी त्यांना सांगितलं.
"असेल," ते म्हणाले,
"तरी त्या रात्री कुत्र्याला पडवीतच ठेवलं.
तुमच्या कागदावर नाव नाही,
म्हणून काय त्याला जीव नाही?"